दिव्याखालचा बाक

मंडळी, आमच्या माजिवड्याच्या सोसायटीतल्या नव्या बागेचा नकाशा मी काढलाय. ड्रॉइंग कुठे शिकलो नाही, पण माझ्या मापात चूक सापडत नाही. आज सकाळच्या मीटिंगला मुलांनाही बोलावलं होतं.

आठवीतली सई म्हणाली, "काका, बाक झाडाखाली नको. दिव्याखाली ठेवा ना."

"अगं, तिथे सावली नाही."

"सावली काय करायचीय? आम्ही संध्याकाळीच येतो. अंधार पडला की आई लगेच वर बोलावते. खिडकीतून आम्ही दिसलो, तर अजून थोडा वेळ बसू देईल."

तिच्या मैत्रिणी एका सुरात, "हो काका!"

तिथल्या तिथे बाक खोडून दिव्याखाली काढला. सई, थँक्यू गं. नकाशा आत्ता कुठे बरोबर झाला.

तुमच्याकडे मुलींना विचारलंय का कुणी, कुठे बसायचंय ते?