सोवळ्यातल्या सकाळी

माझ्या घरात आता सोवळे मोडण्याचा प्रसंगच येत नाही. पहाटे स्नान करून मी रेशमी मुकटा नेसतो, देवघरासमोर पाट मांडतो, आणि तेव्हापासून नैवेद्य होईपर्यंत मला कोणी शिवेल अशी शक्यता या चार भिंतींत उरलेली नाही. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा बंगलोरला असतो. पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत की शुचिर्भूत राहणे कष्टाने सांभाळावे लागते. माझ्याकडून आता ते विनासायास सांभाळले जाते. इतक्या सहज साधलेल्या गोष्टीत साधना कितपत उरते, हे मी अद्याप देवाला विचारलेले नाही.

मुलगा लहान होता तेव्हा आम्ही इथेच जबलपुरात, खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत असू. मी तिथल्याच शाळेत संस्कृत शिकवीत होतो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात देव. शाळिग्राम, अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण, हे तिन्ही आमच्या आजोबांबरोबर विदर्भातून इकडे आलेले. मुलगा साडेतीन वर्षांचा झाला आणि त्याला नेमकी माझ्या पूजेच्या वेळी जाग येऊ लागली. डोळे चोळत तो उंबऱ्याशी येई आणि दोन्ही हात पुढे करी.

"बाबा, घ्या."

"शिवू नको रे. सोवळ्यात आहे मी."

त्याला सोवळे कळत नव्हते. बाप समोर बसलेला दिसतो आहे आणि तरीही तो उचलून घेत नाही, एवढेच त्याला कळे. मग तो मोठ्याने रडे. पळीतले पाणी हिंदकळे, माझे मंत्र चुकत, आणि मी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी.

यावर तोड काढली ती पत्नीने. लोकरीला विटाळ नाही, हे तिला माहेरापासून ठाऊक होते. माझी एक धाबळी, म्हणजे सोवळ्यात पांघरायची लोकरीची शाल, एका बाजूने कसरीने खाल्लेली होती. तिचा चांगला भाग तिने कापून घेतला, कडा दुमडून शिवल्या आणि सोवळ्याच्या वळणीवर तो तुकडा वेगळा वाळत घालू लागली. सकाळी मुलगा उंबऱ्याशी आला की ती त्याचे सुती कपडे उतरवी, त्याला त्या धाबळीत मानेपर्यंत गुंडाळी आणि ते गाठोडे माझ्या मांडीवर आणून ठेवी.

"घ्या. आता तुमचे देवही खूश, अन् हाही खूश. काहून एवढा बाऊ करता हो?"

जबलपूरची थंडी नर्मदेवरून येते आणि हाडांत शिरते. त्या थंडीत मांडीवर पडलेले ते लोकरीचे ऊबदार ओझे मला आजही जसेच्या तसे आठवते. लोकर खाजते म्हणून तो आतल्या आत वळवळे. मी बाळकृष्णाला स्नान घालीत असताना तो टक लावून पाही.

"त्याला थंडी नाही वाजत?"

"वाजते. म्हणून लगेच पुसायचं."

"त्याला पण धाबळी द्या नं."

"त्याची रेशमी आहे."

"त्याची आई कुठे गेली?"

मी बाळकृष्णाला गंध लावू लागे. ओट्यावरच्या भांड्यांमागून पत्नीचे हसू ऐकू येई. कधी तो तसाच माझ्या छातीला टेकून पुन्हा झोपी जाई, आणि मग मी डाव्या हाताने त्याला सावरून उजव्या हाताने पूजा पुरी करी. शास्त्राच्या दृष्टीने त्या पूजेत पुष्कळ न्यून राहिले असेल. पण तेवढी पूर्ण पूजा माझ्या हातून त्यानंतर झालेली नाही, असे आज वाटते. त्या वेळी मात्र मी मनात म्हणत असे की हा थोडा मोठा झाला म्हणजे स्वस्थपणे जप करता येईल.

असे दीड वर्ष चालले. मग त्याला शाळेत घातले. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून गणवेशाचे कापड आणून पत्नीने घरीच अर्धी चड्डी आणि सदरा शिवला. शाळा सकाळची होती. पहिल्या दिवशी तो तयार होऊन, भांग पाडून, पाठीवर दप्तर घेऊन उंबऱ्याशी आला, तेव्हा मी बाळकृष्णाला पुसून वस्त्र नेसवीत होतो. बाहेर सायकलरिक्षावाला घंटी वाजवीत होता.

"बहनजी, देर हो रही है! और चार बच्चे बैठे हैं!"

मुलाने दोन्ही हात पुढे केले. रडला नाही, पण खालचा ओठ थरथरत होता.

"अहो," पत्नी म्हणाली, "एक मिनिट उठा नं. घाबरून राहिला तो. कपडे उतरवायला वेळ नाही आता."

मी मानेनेच नाही म्हटले. नंतर पुन्हा स्नान करायला पाणी होते, वेळही होता. माझी शाळा अकराची. परंतु पूजा मध्ये सोडून उठायचे नाही, हा नियम मी वयाच्या आठव्या वर्षापासून मोडला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता. मी डोळ्यांनी त्याला खुणावले की लांबूनच नमस्कार कर. त्याने मी शिकविल्याप्रमाणे हात जोडले, डोके उंबऱ्याला टेकवले आणि वळून रिक्षेत जाऊन बसला.

शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. "किती समजदार आहे हो तुमचा मुलगा! आमचा तर पाय धरून बसतो."

ते कौतुक मला गोड लागले, हे लिहिताना मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच उंबऱ्याच्या अलीकडे थांबू लागला. "येतो, बाबा." पाय कधी पुढे पडला नाही. सुटीच्या दिवशी पत्नीने एकदोनदा धाबळी पुढे केली, तर तो म्हणाला, "टोचते." धाबळीतल्या सकाळींतली शेवटची कोणती, हे मला सांगता येणार नाही. त्या दिवशी तो वळवळला की झोपला, काय विचारले, काहीच स्मरत नाही. हजारो श्लोक ज्याने तोंडपाठ ठेवले, त्याला एवढी एक सकाळ राखता आली नाही.

गेल्या माघात मुलगा एका मित्राच्या लग्नासाठी दोन दिवस येऊन गेला. सून आणि नात परीक्षेमुळे आल्या नव्हत्या. रात्री उशिरा येऊन तो बाहेरच्या खोलीत झोपला. सकाळी मी पूजेला बसलो. बाळकृष्णाला ताम्हनात घेतले, पाणी घातले, आणि पलीकडून मुलाच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. पुष्कळ दिवसांनी घरात दुसरा श्वास होता. हातातली पळी मी खाली ठेवली. मग उठलो.

तो कुशीवर झोपला होता. कानांजवळचे केस पांढरे झाले आहेत. पांघरूण खांद्यावरून खाली घसरले होते, ते मी वर ओढले आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो दचकून उठून बसला.

"काय झालं? छातीत दुखून राहिलं का?"

"नाही रे. झोप तू."

"मग इथे कसे? पूजा झाली?"

"अर्धी झाली."

"अर्धी?" त्याने माझा हात धरला. "बर्फ झाला आहे हात. बसा इथे. बसा म्हणतो नं! बीपीची गोळी घेतली का काल?"

मी घेतल्याचे सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. मला त्याच्या अंथरुणावर बसवून, स्वतःची रजई माझ्या खांद्यांभोवती गुंडाळून तो ओसरीत गेला आणि सुनेला फोन लावला. तिच्याशी तो हिंदीत बोलतो. दार लोटलेले होते, पण मला ऐकू येते.

"बाबा ठीक नहीं लग रहे. पूजा बीच में छोड़कर उठ गए… अरे, तुम समझ नहीं रही हो. ये आदमी कभी नहीं उठता. मेरे स्कूल के पहले दिन नहीं उठे थे."

त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपणही नव्हते. वैद्याला लक्षण सांगावे तसे तो सांगत होता. मी मात्र आजवर धरून चाललो होतो की पाच वर्षांच्या मुलाला काय आठवणार.

तो आत आला. "चला, डॉक्टरकडे जाऊ. ऑटो बोलावला आहे."

मला काहीही झालेले नव्हते. ते त्याला समजावून सांगणे कठीण नव्हते. पण त्याने माझा हात पुन्हा आपल्या हातात घेतला होता. पायरी उतरताना, ऑटोत चढताना, दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत त्याने तो सोडला नाही. माझ्या अंगावर मुकटा, वर त्याचे जाकीट, आणि भोवती खोकणारी माणसे. मी असत्य बोललो नाही, गप्प राहिलो. मौनाचे एवढे सुख मला कोणत्याही व्रतात मिळालेले नव्हते.

डॉक्टरांनी तपासले, पट्ट्या लावून हृदयाचा आलेख काढला. "सब बढ़िया है, पंडितजी. ठंड में ज़रा देर से नहाया कीजिए."

मुलाने मोठा श्वास सोडला, आणि हातही. सुनेला कळवायला तो फोन घेऊन बाहेर गेला.

घरी आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. देव ताम्हनात ओलेच होते. मी पुन्हा स्नान केले नाही. होतो तसाच बसून त्यांना कोरडे केले, वस्त्रे नेसवली, क्षमा मागितली. मुलगा सवयीने उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहून पाहत होता. ये म्हणावे असे मनात आले, तेवढ्यात त्याला लग्नघरचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरून दिला.

"आता मी रोज सकाळी फोन करीन, बाबा. घाबरू नका, पूजेच्या वेळी नाही करणार. तुमचं आटोपल्यावर."

"पूजेच्या वेळीच कर," मी म्हणालो. "मी उठून घेईन."

 ती कालची काळजी पुन्हा त्याच्या डोळ्यांत आली.

"गोळी वेळेवर घ्या, हं," तो म्हणाला, वाकून नमस्कार केला आणि ऑटोत बसला.

तो वचनाचा पक्का आहे. फोन रोज येतो, नऊ वाजता, गल्लीतल्या छोट्या कारखान्यांची शटरे वर जातात तेव्हा. तोवर माझा नैवेद्य होऊन तास उलटलेला असतो.