साडेसहाच्या गाडीचा डबा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या वहिनीचे. हे वाक्य मी तीन वर्षं उशिरा लिहितो आहे.

आमचं गाव लाखांदूरकडचं. कॉलेज भंडाऱ्याला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. खोली मिळाली, पण खाणावळ परवडणारी नव्हती. वहिनी म्हणाली, "डब्बा मी धाडते. गाडी तर रोजच जाते."

साडेसहाची एसटी आमच्या फाट्यावर थांबायची. वहिनी कापडात बांधलेला डबा ड्रायव्हरकाकांच्या हाती द्यायची. साडेनऊला मी स्टँडवर तो घ्यायचो आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा त्यांच्याकडे द्यायचो. भात, लाखोळीची डाळ, कधी वांगी, कधी तांदळाची भाकर. भाताच्या रोवणीच्या दिवसांत ती सकाळी सातला बांधीतल्या चिखलात उतरायची, तरी डबा कधी चुकला नाही.

आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मला हे माहीत होतं. तीन वर्षं मी डबा रिकामाच पाठवला.

निकाल लागला तेव्हा गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, ग्रामपंचायतीसमोर मंडप. मी भाषण कागदावर लिहून नेलं होतं. सरपंच, मुख्याध्यापक, वाचनालय, आई-बाबा, मित्र, सगळ्यांचे आभार मानले. वहिनी मंडपाच्या मागे चुलीवरच्या चहाच्या गंजाजवळ उभी होती. टाळ्या झाल्या तेव्हा तिनेही हातातली गाळणी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

ड्रायव्हरकाका आले होते. ते तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काहो साहेब, कागदावर डब्ब्याले जागा नाही उरली का?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"माह्यं सोडा. मी गाडी हाकलणारा मानूस. पण तुमची वहिनी रोज इचारे, 'भाऊजी काही म्हनले का जी?' मी सांगत जावो, 'भाजी चांगली होती म्हने.' तीन वर्षं खोटं बोललो तुमच्यापायी."

मला रडू आलं नाही. लाजही वाटली नाही. थंडीत हात बधिर होतात तसं काहीतरी झालं, आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही.

घरी आलो तर वहिनी कप विसळत होती. मी म्हणालो, "वहिनी, भाषणात तुमचं राहून गेलं."

"माह्यं काय राहते त्यात? हे शाल कुठी ठेवू, ते सांगा भाऊजी. उंदरं कुरतडतील."

मी जागा सांगितली. एवढंच बोलणं झालं.

मग भंडाऱ्यालाच नोकरी लागली. शेवटच्या दिवसाचा डबा माझ्याकडेच राहिला होता. त्यात मी पेन आणि किल्ल्या ठेवत होतो. तीन वर्षं तो टेबलावर होता, रोज नजरेला पडत होता. मागच्या आठवड्यात किल्ल्या काढल्या, डबा घासला, तळाला साखर घातली आणि वर कागद ठेवला. संध्याकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरने विचारलं, "काय आहे?" म्हटलं, "डबा आहे. फाट्यावर घ्यायला येतील."

कागदावर हे होतं:

वहिनी,

डबा परत पाठवतो आहे. उशीर झाला.

ड्रायव्हरकाका तुम्हाला रोज जे सांगायचे, ते मी कधी म्हटलं नव्हतं. ते त्यांच्या मनाचं सांगत होते. त्यांच्यावर रागावू नका.

तुम्ही विचारायच्या, त्याचं उत्तर आता मीच देतो. भाजी चांगली होती. वांगी सर्वांत चांगली. लाखोळीची डाळ रोवणीच्या दिवसांत खारट व्हायची, बहुतेक घाईत मीठ दोनदा पडत असेल. ती पण मी सगळी खाल्ली. एकाही दिवशी काही टाकलं नाही.

मी पदवीधर झालो तो या डब्यावर. हे मंडपात सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

डबा मिळाला की दादाच्या फोनवरून कळवा. साखर चहात घाला.

तुमचा,
भाऊजी