वांदरानं फोडलेली काच

हे म्या कोनालेच सांगतलं नाई. बायकोलेबी नाई. वांदराची गोष्ट तेवढी सांगतली. ते त आमच्या अख्ख्या सोनाळा गावानं ऐकली, लग्नात, तेरवीत. नक्कल करतो मी, लोक पोट धरून हासतात. पन वांदर... थांबा, सांगतो.

मास्तरची पोरगी मेघा पुन्याले शिके. तिनं गावातल्या घरच्या गच्चीवर कॅमेरा बसवला, त्याच्यावर काचेचा घुमट. आभायात लय वर, इमानाच्याही वर, वारा हाये म्हने. अन् तिथची हवा अंधारात जराशी चमकते. उपग्रह ते चमक पाहून वारा मोजे, मेघा खालून. दोघायचा मेळ लागला त तिची डिग्री. मी शेजारचा, माह्यं काम काय? काच पुसनं. तिनं देलेल्या मऊ फडक्यानं, बस.

तेवढंबी जमलं का मले? पाखराची घान उन्हानं वायली, कडक झाली, निघेना. मंग म्या—शायना ना मी!—राख घेतली अन् तवा घासावा तशी घासली. घान गेली. काचेवर चरेच चरे, जसं धुकं बसलं.

तिचा फोन आला. "काका, फोटो धुरकट येऊन राह्यले. काच साफ हाये ना?"

"आरशावानी हाये, बाई."

काऊन बोललो असन? मारलं असतं का तिनं? नवी काच बसवली असती. पन मी सोता हासवतो तवाच लोकायनं हासावं, असा माजोरी मानूस मी. राखेवर हासतीन, याचंच भेव.

सालभर तिनं गनित तपासलं. वारा जुळेना. तिचे सर म्हनत, खोट तुयाच हिशोबात हाये. मंग मास्तर बोलले, मेघा उद्या येते, कॅमेरा पाहाले. त्याच दुपारी म्या दगड उचलला. चरे दिसू नाई म्हून तुकडे इहिरीत टाकले.

"वांदरानं फोडली," म्हनलं. उड्या मारून दाखवल्या. मेघाही हासली. मंग गच्चीवर बसून हयू आवाजात बोलली, "जाऊ द्या काका. काचेचं काय? माह्यंच डोकं कमी पडलं."

तवा तरी तोंड उघडावं का नाई?—म्या तिच्यासाठी चहा सांगाले खाली गेलो.

तिनं शिक्षन सोडलं. आता खामगावले कपड्याच्या दुकानात बिलं फाडते. पोरगी कमी पडली, हेच समजून मास्तर गेले. तीबी तेच समजून हाये.

तुमाले सांगतलं. तिले नाई सांगतलं. सांगन, असं मले वाटतबी नाई.