लोकरबाईचं घर

तिला गल्लीत सगळे लोकरबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण गल्ली लहान आणि तिचे कान तिखट, त्यामुळे तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तिची नोकरी लॉन्ड्रीत. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या त्या दुकानात मागच्या खिडकीशी तिची खुर्ची असे. उसवलेली शिवण, निखळलेलं बटण, कसरीनं खाल्लेला कोट, सगळं तिच्याकडे यायचं. रफू असं करायची की मालकालाच भोक कुठे होतं ते सापडू नये. आणि हात रिकामा झाला की पिशवीतून क्रोशाची सुई निघे. आईच्या लांबलेल्या दुखण्यात दवाखान्याच्या बाकावर बसून बसून ती क्रोशा शिकली होती. आई गेली, सुई हातात राहिली.

नवरा पेंटर, म्हणजे पाट्या रंगवणारा. त्या दोघांचं लग्न जमलं ते एका कान्यामुळे. लॉन्ड्रीच्या पाटीवर त्यानं ऐटीत, भल्यामोठ्या निळ्या अक्षरांत ‘धुलई’ असं लिहून ठेवलं होतं. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, “अहो पेंटर, ‘ला’चा काना राहिला.” शिडीवरचा माणूस खाली बघून म्हणाला, “राहू दे की. आतली बाई एवढी सडपातळ आहे, काना म्हणून तिलाच उभी करू.” ती चिडली. पण दुसऱ्या दिवशी तो काना घालायला आला तेव्हा तिनं त्याच्यासाठी चहा करून ठेवला होता.

लग्नानंतर त्यांनी जी जागा घेतली ती बघून तिची थोरली बहीण रडायचीच बाकी होती. तिथे पूर्वी बटणांचा कारखाना होता. उंच छत, लांबलचक खिडक्या, भिंतींना ओल. फरशीच्या फटीत झाडू घातला की अजून शिंपल्याची बटणं निघायची. “इथे संसार करणार तुम्ही?” बहिणीनं विचारलं. पेंटर म्हणाला, “संसार वर, रंग खाली.” तसंच झालं. खालच्या खोलीत त्याचे डबे, ब्रश, पत्रे आणि टर्पेंटाइन. लाकडी जिना चढून वर आलं की घर.

ते घर तिनं कसं मांडलं ते बघायला लोक मुद्दाम यायचे. नवीन म्हणून काही नव्हतंच. बंद पडलेल्या सिनेमा थिएटरच्या लाल खुर्च्या, न्हाव्याच्या दुकानातली गोल फिरणारी खुर्ची, दवाखान्यातलं काचेचं कपाट, त्यात कपबश्या. एका मोडीत निघालेल्या हॉटेलातली चाव्या टांगायची फळी, तिच्यावर आता घरातले मोजे वाळायचे. जुन्या बाजारातला भंगारवाला तिला लांबून येताना पाहिलं की हाका मारायचा, “ताई, तुमच्यासाठी एक वस्तू ठेवलीय, कुणाच्या कामाची नाही!” आणि अशा सगळ्या बिनकामाच्या, पाय मोडक्या, पोपडे गेलेल्या वस्तूंना तिनं क्रोशाचे अंगरखे चढवले होते. खुर्च्यांना पाठी, दिव्यांना टोप्या, खिडक्यांना जाळीचे पडदे. जिन्याच्या कठड्याला खालपासून वरपर्यंत लोकरीची वेल. बहीण नाक मुरडायची. “तुमच्याकडे स्वस्थ बसलं तर मलाही विणून टाकशील.”

त्या सगळ्यात त्यांची मुलगी वाढली. तिला चिमणी म्हणायचे. खुर्च्यांवर पांघरुणं टाकून खाली घर करायची, तिथेच पुस्तक वाचायची, तिथेच झोपून जायची. शाळेतल्या मैत्रिणी आल्या की परत जायचं नाव काढायच्या नाहीत. लोकरबाईला वाटायचं, आपण जन्मात दुसरं काही केलं नसेल, पण हे एक केलं.

चिमणीचा खोकला आधी सर्दीचा वाटला. मग हवेचा. मग एकेक घरगुती उपाय झाले आणि थकले. पळाली की तिच्या छातीतून बारीक शिटी वाजायची. पेंटर हसून म्हणायचा, “चिमणीच ती, चिवचिव करणारच.” लोकरबाई हसायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी नळी छातीला लावून, पाठीला लावून, पुष्कळ वेळ ऐकलं. दमा, त्या म्हणाल्या. मग घराबद्दल विचारायला लागल्या. गालिचे आहेत? जुनं फर्निचर? लोकर? दर प्रश्नाला होय म्हणताना लोकरबाईचा आवाज खाली खाली जात होता. “आणि रंग, केमिकल, असा कसला उग्र वास?” हा प्रश्न पेंटरकडे बघून आला. तो म्हणाला, “माझं काम खाली चालतं. घरात नाही.” चिमणी दोघांच्या मध्ये बसून पाय हलवत होती.

“मग धूळ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “धूळ धरून ठेवणारं जे जे असेल ते काढा. निदान मुलीच्या आसपासचं तरी.”

तिला ते पटलं नाही. पटवून घ्यायचं नव्हतं म्हणा. धूळ कुठल्या घरात नसते? काढायचं कशाला, धुऊ या की. ती लॉन्ड्रीतली बाई, धुणं तिला कोण शिकवणार! कामावरून आली की पदर खोचून ती पडदे उकळत्या पाण्यात घाले, पांघरुणं उन्हात टाकी, खुर्च्या काठीनं बडवी. पेंटर तिच्या हाताखाली बादल्या उचलायचा. घरभर ओल्या लोकरीचा वास भरून राहिला. चिमणीला बरं वाटतंय, असं दोघं एकमेकांना सांगायची, आणि चिमणीही मान हलवायची.

एका रविवारी दुपारी ती मोठं पांघरूण झटकत होती. चिमणी पोटात असताना सुरू केलेलं ते पांघरूण इतकं वाढलं होतं की एकटीला आवरेना. “चिमणे, दुसरं टोक धर गं,” तिनं हाक मारली. चिमणीनं धरलं. दोघींनी मिळून झटकलं, एकदा, पुन्हा एकदा, उन्हाच्या तिरिपीत धुळीचा लोट उठला, आणि पोरीच्या हातातून टोक सुटलं. ती खाली बसली. श्वास आत जायचा तो बाहेर येईना. ओठ निळे पडले. डोळे मात्र आईवर, आणि त्या डोळ्यांत भीतीपेक्षा ओशाळेपणा जास्त होता, जसं काही तिच्या हातून काही सांडलंय.

पेंटरनं तिला उचलून दवाखान्यापर्यंत धाव घेतली. लोकरबाई मागून अनवाणी. श्वासाच्या औषधाचं नळकांडं तोंडाला लावलं, वाफ दिली, हळूहळू ओठांना रंग आला. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

मग तिनं घर उतरवलं.

कुणाला हात लावू दिला नाही. दिव्यांच्या टोप्या, पडदे, खुर्च्यांच्या पाठी, सगळं पोत्यांत भरलं. कठड्यावरची वेल इतकी घट्ट बसली होती की कात्री घ्यावी लागली. मधे एकदा ती थांबली, एक टोक धरून ओढलं, आणि टाके एकामागून एक सरसर उसवत गेले. कित्येक महिन्यांचं काम, बघता बघता पायाशी नुसता गुंता. भंगारवाला हातगाडी घेऊन आला. ज्या खुर्च्या त्यानंच आणून दिल्या होत्या त्या परत चढवताना तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, “ताई, ठेवून देतो मी. विकत नाही.” दोघांनाही माहीत होतं की तो विकणार. त्याचा धंदाच तो.

बहीण मदतीला आली होती. एरवी नाक मुरडणारी ती, पण रिकाम्या खिडक्या बघून तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. “जाऊ दे गं,” ती म्हणाली. “लेकीपुढे काय आहे?”

“काही नाही,” लोकरबाई म्हणाली. आणि पोत्याचं तोंड आवळता आवळता तिच्या तोंडून निघून गेलं, “पण हिच्यापायी गेलं गं माझं घर.”

चिमणी जिन्यात उभी होती. ऐकलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. ती वळून खाली गेली, बापाजवळ.

उघड्याबोडक्या घरात बोललेलं भिंतींवर आपटून परत यायचं. पुसता येईल असं प्लास्टिकचं टेबल, लोखंडी खाटा, कोऱ्या भिंती. लोकरबाई रोज ओल्या फडक्यानं सगळं पुसायची. संध्याकाळी हात मांडीवर ठेवून बसायची तेव्हा बोटं आपली आपणच हलायची. पेंटर तिच्याशी फार जपून वागत होता, इतकं जपून की तिला त्याचा राग यायचा. तो चहा करून आणी, पाय चेपू का म्हणून विचारी, आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे.

काही दिवस बरे गेले. मग पेंटरला एका शाळेचं मोठं काम मिळालं, खाली रात्रंदिवस पत्रे रंगायला लागले, आणि चिमणीची शिटी पुन्हा वाजू लागली.

“आता काय राहिलंय घरात?” लोकरबाई डॉक्टरीणबाईंपुढे अक्षरशः ओरडली. “आम्ही तेवढे राहिलोय. आम्हीही जाऊ का?”

डॉक्टरीणबाईंनी या वेळी मोठ्यांना काही विचारलं नाही. चिमणीकडे वळल्या. “तुला कुठे गेल्यावर जास्त त्रास होतो, बाळ?”

चिमणीनं आधी बापाकडे बघून घेतलं. मग म्हणाली, “खाली. डब्यांची झाकणं उघडली की. आणि जिन्यातून वर वास येतो तेव्हा.”

“आधीपासून?”

“हो.”

“अगं मग बोलली का नाहीस?” लोकरबाई तिच्याकडे वळली.

“बाबांचं काम आहे ना ते,” चिमणी म्हणाली. “ते बंद पडलं तर? तुझं तर नुसतं आवडीचं होतं.”

पोर काही वाईट बोलली नव्हती. घरात जे न बोलता सगळ्यांनी धरून चाललं होतं तेवढंच तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाई सांगत राहिल्या की धूळही होतीच, दोन्हीनं मिळून त्रास झाला, तुम्ही काढलंत ते योग्यच केलंत. लोकरबाईच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

तो नखांतला रंग खरवडत होता. “शंका होती.”

“कधीपासून?”

“पहिल्यांदा विचारलं त्यांनी, तेव्हापासूनच.”

“आणि मी पडदे उकळत होते तेव्हा तू बादल्या उचलत होतास, कात्री चालवली तेव्हा बघत होतास.”

“पोटाचा प्रश्न होता गं. कुठे नेणार होतो सामान? मला वाटलं, लोकरीनंच भागलं तर...”

“भागलं तर,” ती म्हणाली. “माझ्यात भागलं तर बरं.”

त्यानं आणखी सबब शोधली नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. त्याच आठवड्यात त्यानं शाळेचं काम अर्धवट सोडलं, बस आगाराच्या मागे एका गॅरेजवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोपरा मिळवला आणि सगळे डबे तिकडे हलवले. रोज घरी शिरण्याआधी खालच्या नळावर कपडे बदलून, साबणानं हात कोपरापर्यंत धुऊन मगच वर यायचा. थंडीतसुद्धा. चिमणीची शिटी कमी झाली. थांबली नाही, कमी झाली. नळकांडं दप्तरात असायचं.

लोकरबाई घरात बोलायची, पण कामापुरतं. जेवायला या, दिवा लावा, औषध घेतलं का. भांडण कुणाशी करावं तेच कळत नव्हतं. नवऱ्याशी करावं तर तो आधीच अर्धमेला झालेला. पोरीशी करावं तर तिचा गुन्हा काय?

मग एक दिवस लॉन्ड्रीत, दुपारच्या सुट्टीत, तिनं टेबलाच्या खणातून सुती दोऱ्याचं रीळ काढलं. टाक्यांची साखळी घातली. हात विसरले नव्हते. मालकीणबाई जाता जाता म्हणाल्या, “इथेच ठेवत जा ना पिशवी. नाहीतरी समोरची काच उघडी बोडकी दिसते.” तर लॉन्ड्रीच्या दर्शनी काचेला तिनं पडदा केला. पांढरा, मधे मोठी गोल फुलं. तो बघून शेजारच्या चष्मेवाल्यानं मागितला, मग चहाच्या दुकानवालीनं टेबलांसाठी. लोकांच्या जागा भरत चालल्या. घरी ती एक टाका नेत नव्हती.

एकदा शाळा सुटल्यावर चिमणी तिला न्यायला आली. आत वाफ असते म्हणून ती रस्त्यावरच थांबायची. लोकरबाईनं मान वर केली तर पोर काचेला नाक लावून पडदा बघत होती, फुलं बोटानं गिरवत होती.

उतारावरून घरी जाताना चिमणी म्हणाली, “सुती चालतं म्हणाल्या होत्या डॉक्टर. धुतलं की झालं.”

“माहितीये मला.”

“मग आपल्याकडे का नाही करत?”

लोकरबाईनं हातातली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. खरं उत्तर असं होतं की त्या घरासाठी सुई धरावीशीच वाटत नाही. पण ते एवढ्या पोरीला काय सांगायचं!

“आई, तुझ्या विणण्याला मी काम म्हटलं नाही म्हणून?”

ती थांबली. इतके महिने पोर हे पोटात घेऊन हिंडत होती तर. “तू नाही गं,” ती म्हणाली. “तू एकटी नाही.”

“मी ऐकलं होतं तू मावशीला म्हणालीस ते.”

आता दोघींकडेही लपवायला काही राहिलं नाही. लोकरबाईनं तिचा हात धरला, पण जवळ ओढलं नाही. भररस्त्यात चिमणीला ते आवडायचं नाही, वयच तसं होतं. “म्हटलं होतं खरं,” ती म्हणाली. “राग आला होता. तुझा नव्हता, पण तू समोर होतीस.”

चिमणीनं मान हलवली. पटलं म्हणून की विषय संपावा म्हणून, कोण जाणे.

“माझ्या खोलीला एक पडदा कर,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “छोटाच.”

“बघू,” लोकरबाई म्हणाली.

चढ लागला तशी तिनं पावलं हळू केली, पोरीला दम लागू नये म्हणून.