चिकटेल तर शपथ!

आमच्या लॅबमधला चहा संपतो, किस्से संपत नाहीत. जुना सांगून होईस्तोवर नवा घडलेला असतो! यवतमाळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात आम्ही तिघं एक गुळगुळीत लेप बनवतो. शेतीच्या अवजारांना काळी माती चिकटू नये म्हणून. राठोड मॅडम प्रमुख, गजूभाऊ मेकॅनिक आणि मी.

*

पहिला चांगला लेप जमला. नमुन्याच्या पत्र्यावर मी हौसेनं लेबल लावलं. पडलं! टेप लावली. तीही पडली. मार्करनं लिहिलं, तर बोटानं पुसलं गेलं.

शेवटी गजूभाऊंनी पत्र्याला भोक पाडून लेबल बांधलं. "मॅडम, सायन्स संपलं का सुतळी सुरू!"

*

प्राचार्यांना क्लासवाल्यांच्या पोस्टरांचा भारी वैताग. "गेटच्या भिंतीले मारा तुमचं ते!" मारलं. पोस्टरं गळाली, सर खूश!

मग तपासणीला कमिटी आली. अध्यक्ष गेटजवळ उतरले आणि भिंतीवर चिकटवलेला 'सुस्वागतम'चा अख्खा कागद त्यांच्या डोक्यावर!

"मॅडम, हे काहून पडलं?" सर ओरडले.

"सर, अभिनंदन!"

*

पाखरांची घाण चिकटू नये म्हणून गजूभाऊंनी मोटरसायकलच्या सीटलाही लेप मारला. मग वहिनींना घेऊन दारव्ह्याला निघाले. पहिल्याच गतिरोधकावर ब्रेक मारला, वहिनी सरकून थेट त्यांच्या पाठीला! दुसऱ्यावरही तेच.

"खरवडून टाका ना आता," मी म्हणालो.

गजूभाऊ लाजले. "राहू दे ना बे. लग्नानंतर पह्यल्यांदाच इतकी जवळ बसून राह्यली!"

*

आर्णीजवळ वामनकाकांच्या शेतात खरी परीक्षा होती. जमलं नाही तर प्रकल्प बंद, असं वरून कळलेलं. आदल्या दिवशीचा पाऊस, माती नुसती चिक्कट. ट्रॅक्टरच्या अर्ध्या फाळांना लेप, अर्धे साधे.

ट्रॅक्टर फिरून आला. साध्या फाळांवर मातीचे गोळे, आमचे चकचकीत! मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका मात्र चिखलानं जड झालेल्या आपल्या चपलांकडे पाहत होते. "मॅडम, माह्या चपलेले भी मारा ना थोडं."

मॅडम इतक्या खुशीत, की चपला धुऊन-पुसून तळाला फवारा मारून दिला. वाळल्यावर काकांनी त्या घातल्या, मिशीवर हात फिरवला आणि उतारावर पहिलं पाऊल टाकलं.

काका गेले! पार खालच्या बांधापर्यंत!

आम्ही धावलो. काका डोक्यापासून पोटरीपर्यंत काळे, दात तेवढे पांढरे. त्यांनी पडल्या पडल्या एक पाय वर केला.

"चप्पल पाहा, मॅडम! कणभर माती नाही!"