सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्या अत्तार मॅडम

अत्तार मॅडम गेल्याचं मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. आमच्या डायरेक्टरसाहेबांनी लिहिलं होतं, ‘अत्यंत दुःखद. त्या आपल्यातल्याच एक होत्या.’ खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी भाजी चिरत होते, सुरी खाली ठेवली. रडू नंतर आलं, आधी राग आला. आपल्यातल्याच! म्हणजे काय? आमच्याच विभागातले लेले वारले असते तर हे कुणी लिहिलं असतं का? अत्तारांच्या कितीतरी पिढ्या पुण्यात गेल्या. डायरेक्टरसाहेबांचे वडील नोकरीसाठी स्वारगेटला एसटीतून उतरले, तेव्हा मॅडमच्या आजोबांचं दुकान जुनं झालं होतं. पण आपल्यात कोण हे ठरवायचं मात्र साहेबांनी.

पंप बनवणाऱ्या आमच्या कंपनीत मॅडम डिझाइन विभागाच्या प्रमुख होत्या. मी तिथे नवी लागले तेव्हाची गोष्ट. आमचं गाव विश्रांतवाडीच्या पुढचं, महापालिकेत आलं तरी बोलण्यातून गेलं नव्हतं. पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हणाले, ‘‘इथून गळती हाय, सर.’’ शनिवार पेठेतले लेले हसले. ‘‘‘आहे’ म्हणा हो, ‘आहे’.’’ सगळं टेबल हसलं. माझे कान तापले, तोंड मिटलं. टेबलाच्या टोकाकडून मॅडमचा आवाज आला, अगदी सपाट. ‘‘लेले, पंप गळतोय. ह्यांचं मराठी नाही गळत.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘हं, कुठून गळतंय म्हणालात?’’ आणि मी बोलले. त्या दिवशी त्यांनी विचारलं नसतं, तर मी त्या खोलीत पुन्हा तोंड उघडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

त्यांच्या मीटिंगची रीत अशी, की सर्वांत नव्या माणसाने आधी बोलायचं आणि प्रमुखाने सगळ्यांत शेवटी. साहेब आधी बोलला की बाकीचे नुसते माना हलवतात, असं त्यांचं म्हणणं. केरळचा थॉमस अचानक विचारलं की गडबडायचा. त्याला त्या आदल्या दिवशीच सांगून ठेवायच्या, ‘‘उद्या तुम्हाला विचारणार आहे.’’ आम्ही मराठीत विनोद करून खिदळलो, की त्याला तो हिंदीत समजावून सांगायच्या, आणि समजावल्यावर तो विनोद किती फुसका होता ते आम्हालाही कळायचं. थॉमसचंच म्हणणं थोड्या वेळाने लेल्यांनी स्वतःचं म्हणून मांडलं, तर म्हणायच्या, ‘‘थॉमसचं तुम्हाला पटलं, छान झालं.’’ लेले हळूहळू सुधारले. अगदी नाही असं नाही.

पण ही सगळी आमच्या मजल्यावरची गोष्ट. वरच्या मजल्यावर विभागप्रमुखांची मीटिंग व्हायची. एकदा पंपाचे आराखडे दाखवायला मी मॅडमबरोबर वर गेले आणि जे पाहिलं त्याने आजही डोकं उठतं. सुरुवात इंग्रजीत झाली, मग सगळे आपल्या कॉलेजच्या आठवणींवर घसरले, मग कुणाच्या तरी फार्महाउसवर. मॅडम समोर फाइल उघडून बसलेल्या. त्यांनी दोनदा सुरुवात केली, दोनदा कुणीतरी मध्येच बोललं. शेवटी साहेब घड्याळ बघत म्हणाले, ‘‘अत्तार मॅडम, तुमचं मेलवर पाठवा ना.’’ आणि उठता उठता, ‘‘बरं, शीरखुर्मा कधी?’’ त्या एका प्रश्नासाठी मात्र दरवर्षी त्यांची न चुकता आठवण व्हायची. जिन्यात मी चिडून विचारलं, ‘‘तुम्ही गप्प का बसता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी बोलते की. ऐकणाऱ्यांची मीटिंग अजून ठरायची आहे.’’ आणि खाली येऊन त्यांनी आमची मीटिंग नेहमीसारखी घेतली.

ऑफिसात शोकसभा झाली. भाषणं सगळी वरच्या मजल्याची. आम्ही मागे उभे, थॉमस दाराशी. पहिल्या रांगेत मॅडमची धाकटी बहीण, रेहानाताई. दोघी बहिणी एकत्रच राहायच्या. साहेब माइकवर म्हणाले, ‘‘मॅडमचं मराठी इतकं शुद्ध, की त्या मुस्लिम आहेत असं कधी वाटलंच नाही.’’ लोकांनी माना डोलावल्या! रेहानाताई मांडीवरची पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. मग दोन मिनिटं स्तब्धता, आणि चहा घेऊन जावं अशी सूचना. माझ्याच्याने राहवेना. मी मागून ओरडलेच, ‘‘आवो, घरच्यांना कुणी इचारलं का?’’ गावची भाषा आली तर आली. कुणी हसलं नाही.

रेहानाताई उठल्या, पण माइकपाशी गेल्या नाहीत. ‘‘आपण सगळे म्हणताय, आपा सगळ्यांना बोलू द्यायची... घरी तिने मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही.’’ थोडं हसू फुटलं. ‘‘संध्याकाळी चपला काढता काढता सुरू व्हायची. वरच्या मीटिंगमध्ये हे म्हणायचं होतं, ते सांगायचं होतं. मी मध्ये काही बोलले, की म्हणायची, थांब, आधी माझं होऊ दे. रोज. माझा चहा गार व्हायचा... इथे काय होत होतं हो?’’

प्रश्न सरळ होता. साहेबांनी चहाकडे हात केला. इतकी वर्षं एक हुशार बाई रोज आपलं बोलणं पोटात घेऊन घरी जात होती, आणि ह्यांना अजून चहा पाजायची घाई होती. मला ते आजही माफ करता येत नाही, आणि करायचंही नाही.

परवा रविवारी मी त्यांच्या घरी गेले. रेहानाताईंनी चहा टाकला. ‘‘तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी...’’ एवढं बोलून त्या थांबल्या. दूध वर आलं, त्यांनी गॅस बारीक केला. मी वाट पाहिली. पुन्हा म्हणाल्या, ‘‘सकाळी बाजारात मला...’’ आणि पुन्हा थांबल्या. मी म्हटलं, ‘‘बोला ना ताई, मी ऐकतेय.’’

‘‘पुढचं ठरवलेलंच नसतं हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इथपर्यंत आले की आपा माझं बोलणं तोडायची.’’