दाजींच्या गाडीचा आवाज

माझे दाजी दात बनवतात. ते दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य तोंडाचा ठसा घेऊन पाठवतो आणि त्यावरून मागच्या खोलीत बसून कवळी घडवणारा जो माणूस असतो, ते आमचे दाजी. नवा माणूस भेटला की ते आधी त्याचे दात बघतात, मग चेहरा. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना पहिला प्रश्न विचारला होता, "वरची कवळी कुणी केली?" माझी थोरली बहीण त्यावरून त्यांना वर्षानुवर्षं चिडवायची. ताईची स्मरणशक्ती गेली तेव्हा ते चिडवणंही गेलं.

दाजींकडे एक जुनी दोन माणसांची गाडी आहे. तिचं कापडी छत मागे दुमडता येतं. इंजिनाची जातच निराळी. नेहमीच्या इंजिनात पिस्टन खालीवर होतात. हिच्यात फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर एका पोकळीत गरगर फिरतो. त्यामुळे आवाजही निराळा, शेजारच्या घरात शिवणयंत्र चालावं तसा सलग आणि मऊ. आमच्या भागात तशी दुसरी गाडी नाही.

ताईच्या डोक्यातून हळूहळू सगळी माणसं निघून गेली. मीही गेलो. तो आवाज मात्र राहिला. सकाळी उठल्यावर दाजी तिला परके असत. दाराची चौकट धरून ती विचारी, "आपण कोण?" संध्याकाळी गाडी गेटशी थांबली की मात्र ती लगबगीने बाहेर येई. "हे आले," म्हणे. दाजी आत जाऊन हातांवरचं साच्यांचं प्लास्टर धूत, आणि तिथून ती झोपेपर्यंत ते तिचा नवरा असत. म्हणून सुट्टीच्या दिवशीही ते गाडी काढून चौकापर्यंत जात आणि परत येत. "लोक बायकोला फिरवून आणतात, मी स्वतःला फिरवून आणतो," असं हसत सांगत.

पुढे गाडीही थकली. रोटरच्या टोकांना पोकळीशी घासत फिरणाऱ्या पट्ट्या असतात, त्या झिजल्या. इंजिन एकदा गरम झालं की पुन्हा सुरू होईना. एका संध्याकाळी दाजी गाडी वाटेत सोडून चालत घरी आले. ताईने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "कुणाकडे आलात?" त्याच आठवड्यात त्यांनी इंजिन उतरवून लेथवाल्याच्या शेडमध्ये नेलं.

इंजिन उघडलं तेव्हा जुनी हौस वर आली. हवा आत घेणारं भोक, त्याला ते पोर्ट म्हणतात, पोकळीच्या बाजूच्या बिडाच्या प्लेटमध्ये असतं. ते कोरून मोठं केलं की ताकद वाढते. ताई धडधाकट असताना म्हणायची, "म्हातारे व्हायच्या आत हिला एकदा मोकळं ओरडू द्या." दाजींनी ठसा घ्यायचा मसाला पोर्टमध्ये भरून त्याचा साचा काढला. गुलाबी, टाळूसारखा दिसणारा. त्यावरून त्यांनी पत्र्याचे दोन नमुने कापले, एक लहान, एक मोठा. नमुना प्लेटवर ठेवून रेघ मारायची आणि रेघेपर्यंत कोरायचं, एवढंच काम.

"लहान घेतला तर आवाज हाच राहील," लेथवाला म्हणाला. "मोठा घेतला तर ताकद भरपूर, पण उभी असताना धापा टाकल्यासारखी धडधडेल. आणि एकदा कोरलेलं बीड परत भरून येत नाही. दाढेसारखंच, डॉक्टर, तुम्हाला मी काय सांगू?"

"मला डॉक्टर म्हणू नकोस, खरे डॉक्टर रागावतील. लहानच घे. तिला आवाज तोच हवा."

मला हायसं वाटलं. हिशेबाच्या नोकरीत माझं आयुष्य गेलं. परत फिरवता येत नाही अशा गोष्टीवर सही करताना माझा हात अजून अडखळतो.

नव्या पट्ट्या बाहेरून यायच्या होत्या, त्यामुळे काम रखडलं. एक दिवस मी दाजींकडे गेलो तेव्हा ते मोठ्या नमुन्याची कड कानशीने घासत बसले होते.

"ताई कशी आहे?"

"मजेत. रोज संध्याकाळी गेट उघडते. रात्री जेवताना हसते, बोलते."

"तुमच्याशी?"

"नाही," ते म्हणाले, आणि घासत राहिले.

मी संध्याकाळपर्यंत थांबलो. व्हरांड्यात आम्ही दोघं बसलो होतो. समोरच्या पत्र्याखाली गाडी ठोकळ्यांवर उभी होती, बॉनेट उघडं, इंजिनाची जागा मोकळी. उजेड चांगला होता. कोपऱ्यावरून तो आवाज वळला. सलग, मऊ. जवळ आला आणि गेटशी येऊन बंद झाला. रस्त्यावर काही नव्हतं.

ताई केस नीट करून बाहेर आली. "हे आले," ती आमच्याकडे बघून म्हणाली, पाहुण्यांना सांगावं तसं. तिने गेट उघडलं, कुणाला तरी वाट द्यायला बाजूला झाली, कडी लावली. परत येताना बोलत होती, "आज उशीर केलात. काम होतं का?" मग थोडं थांबली, ऐकत असल्यासारखी, आणि हसली.

मी उठून गाडीच्या त्या मोकळ्या जागेत हात घातला. पत्रा गार होता.

"दुसरी एखादी गाडी असेल," मी म्हणालो.

"माझीच आहे," दाजी म्हणाले. "दुसरा गिअर पडताना अडखळते, ऐकलंस ना? तो माझा हात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेथवाल्याला मोठा नमुना दिला. मी वाद घातला. म्हणालो, "दाजी, अहो, ती आवाजावरून ओळखते. तोच बदलला तर राहिलं काय?"

"तोच आवाज घेऊन तिकडून तो येतो. मीही तोच घेऊन आलो, तर आम्हा दोघांत खरा कोण, हे तिला कसं कळायचं? वेगळा असलो तर निदान मान वर करून बघेल. आणि हा आवाज तिनेच मागितला होता."

लेथवाल्याने रेघेपर्यंत बीड कोरलं.

इंजिन बसवायला शेडमध्ये ओढत नेलेली गाडी घरी आणायच्या दिवशी मी शेजारच्या सीटवर होतो. छत मागे होतं. गाडी चौकात उभी राहिली तरी तिची धडधड दातांत जाणवत होती. गेटशी आलो तेव्हा शेजारच्या खिडक्या उघडल्या. ताईने खिडकीतून पाहिलं आणि ती लावून घेतली. मग दार उघडलं.

"कुणाकडे आलात?"

"गाडी ऐकलीस?" दाजी म्हणाले. "तुला हवी होती ना, मोकळं ओरडणारी."

"फार आवाज करते हो तुमची गाडी. आमच्या यांची बघा, आलेली कळतसुद्धा नाही. या, बसा. येतीलच इतक्यात."

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. थोड्या वेळाने कोपऱ्यावरून तो आवाज वळला. ताई गेली, गेट वाजलं, कडी वाजली. ती परत आली तेव्हा आतल्या बाजूला मोरीतला नळ सुरू झाला.

"हे आले," ती म्हणाली. "हात धुताहेत." दाजींसमोरच्या खुर्चीवर ती टेकली, ओळख काढायला. "काय करता आपण?"

"दात बनवतो."

"अगबाई. आमचे हेही तेच करतात. आता भेटूनच जा."

दाजींनी हात मांडीवर उलटे ठेवले. त्यांच्या नखांत सकाळचं प्लास्टर तसंच होतं. आतला नळ बंद झाला.